‘घाबरू नका’ म्हणजे नेमके काय करू?

२१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहा वाजून आठ मिनिटांनी हिंगोली, परभणी, नांदेडकडची जमीन हलली. तीव्रता ४.५. लोक अंगणात येऊन एकमेकांना ‘तुम्हाला पण जाणवलं का’ असे विचारतात न विचारतात तोच, दहा-अकरा मिनिटांत दुसरा धक्का आला, ३.६ चा. जीवितहानी झाली नाही. अशा धक्क्यांनंतर जिल्हा प्रशासनाकडून जे आवाहन निघते त्यात दोन वाक्ये ठरलेली असतात: नागरिकांनी घाबरून जाऊ नये, आणि अफवांवर विश्वास ठेवू नये. त्या दिवशी मात्र एक तिसरी सूचनाही निघाली आणि तिच्याबद्दल मला प्रशासनाचे खरेच कौतुक वाटते. ज्यांच्या घरावर पत्रे आहेत आणि ते उडू नयेत म्हणून वर दगड ठेवले आहेत, त्यांनी ते दगड काढून घ्यावेत, असे सांगितले गेले.

मराठवाड्यातले गाव ज्याने पाहिले आहे त्याला या सूचनेचे मोल वेगळे सांगायला नको. वासे किंवा लोखंडी पाइप, त्यावर पत्रे, पत्र्याला कुठे खिळा तर कुठे नुसती तार, आणि बाकी सगळी भिस्त धोंड्यांवर. पाच-सात किलोचे दगड, उरलेल्या विटा, फुटका पाटा, जुने टायर, जे हाताला लागेल ते. रात्री त्याच्या बरोबर खाली अंथरुणे. साडेचारचा धक्काही यातला एखादा धोंडा घरंगळवू शकतो. म्हणजे सूचना शंभर टक्के योग्य. पण मार्च संपत आलेला असतो. एप्रिल-मेमध्ये वळवाचे वारे सुटतात, आणि दगड नसलेला पत्रा थेट शेजारच्या शिवारात जाऊन पडतो. उतरवलेले दगड एखाद्याने आठवड्याने पुन्हा वर चढवले तर त्याला निष्काळजी म्हणता येणार नाही. त्याच्यापुढे दोन धोके आहेत आणि वाऱ्याचा धोका दरवर्षीचा आहे. पत्रा हुक-बोल्टने वाशाला आवळून बसवला तर दगडाची गरजच उरत नाही. त्याला लागते काय? मूठभर हुक आणि वायसर, ड्रिल मशीन घेऊन आलेला एक कारागीर, एक दुपार. हे काम कोणी करायचे आणि कोणाच्या पैशाने, हे मात्र कोणत्याच आवाहनात नसते.

लहान धक्क्यांची मालिका सुरू झाली की सरकारी यंत्रणेने कोरडा धीर देणे बंद करावे, असे माझे म्हणणे आहे. मोठा धक्का येण्याची शक्यता किती, हे ती कितीही लहान असली तरी आकड्यात सांगावे. आणि लोकांचे लक्ष आपल्या भिंतींकडे लागलेले असते त्या थोड्या आठवड्यांत भिंती आणि छपरे धड करून घ्यावीत. तारीख-वार सांगणारे भाकित कोणी मागत नाही. ते आज जगात कोणालाच करता येत नाही आणि जो करतो म्हणतो त्याच्यापासून चार हात लांब राहावे.

किल्लारीशिवाय हा विषय महाराष्ट्रात बोलताच येत नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे, तीव्रता ६.२. मृतांचा आकडा आठ ते दहा हजारांच्या दरम्यान, कोणाचा हिशेब धरता त्यावर अवलंबून. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, बाप्पांना निरोप देऊन लोक उशिरा झोपले होते, हे सगळ्यांना पाठ आहे. त्याच्या आधीचे वर्ष मात्र फारसे कोणी काढत नाही. १९९२ च्या ऑगस्टपासून त्या परिसरात जमीन हलत होती. १८ ऑक्टोबर १९९२ ला मालिकेतला सर्वांत मोठा धक्का बसला, चारच्या आसपासचा. त्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शंभरावर धक्के जाणवले. मग ते ओसरले, लोकांची धास्ती ओसरली आणि कामाधामात वर्ष निघून गेले. तेव्हाच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या विभागात होता. दख्खनचे पठार स्थिर, हे तर शाळेपासून डोक्यात बसलेले.

१९९२ च्या धक्क्यांवरून १९९३ चा भूकंप सांगता आला असता का? नाही. मालिका थांबून जवळजवळ वर्ष झाल्यावर मुख्य धक्का आला. इतक्या अंतराने येणारा धक्का कोणत्याही हिशेबात बसवणे कठीण. किल्लारीबद्दल ‘शास्त्रज्ञांना माहीत होते, सांगितले नाही’ अशी जी कुजबूज अजून चालते ती मला अन्यायाची वाटते. माझा प्रश्न शास्त्रज्ञांना नाही, तो बांधकामाबद्दल आहे.

किल्लारी, सास्तूर, त्या पट्ट्यातली घरे माळवदाची. दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती दिसायला किल्ल्यासारख्या. पण ती भिंत एकसंध नसायची. बाहेरून एक थर, आतून एक थर, दोन्ही मातीत रचलेले, आणि मध्ये चिखल-दगडगोट्यांची भर. या दोन थरांना एकमेकांशी जखडणारा आडवा लांब दगड बहुतेक भिंतींत नसायचाच. वर लाकडी तुळया, फळ्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाडजूड थर. पावसात गळू नये म्हणून दर काही वर्षांनी त्यात आणखी मातीची भर पडे. उन्हाळ्यात असे घर गार राहते, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या तेच बांधले गेले, आणि त्यात काही चूकही नव्हते, जमीन हलेपर्यंत. जमीन हलली की भिंतीचे दोन थर दोन दिशांना फुगतात, फुटतात आणि वरची कित्येक टन माती खाली बसते. काही घरांत लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा तसाच उभा राहिला आणि माणसे भिंतींच्या दगडांखाली गेली.

भूकंपानंतर जागतिक बँकेच्या मदतीने मोठा पुनर्वसन कार्यक्रम झाला. ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. जिथे गाव हलवले नाही तिथे जुनी घरे मजबूत करण्याची कामे निघाली: छतावरची माती कमी करा, भिंतीत जोडदगड बसवा, कोपरे आवळा, भिंतीच्या माथ्यावरून पट्टा फिरवा. यातली एकही युक्ती १९९३ नंतर शोधलेली नव्हती. भूकंपरोधक बांधकामाचे भारतीय मानक १९६०च्या दशकापासून छापील स्वरूपात उपलब्ध होते. सगळ्या तालुक्याच्या भिंती एका हिवाळ्यात बांधून काढता आल्या नसत्या, हे मान्य. पण १९९२ च्या नोव्हेंबरात, लोक धास्तावलेले असताना, निदान निजायच्या खोलीवरची माती अर्धी उतरवा, हे सांगायला कोणत्या संशोधनाची वाट पाहायची होती? फावडे आणि घमेले घरोघरी होते.

आता शास्त्र काय सांगते ते थोडक्यात. थोडक्यात अशासाठी की यातला निम्मा भाग गैरसमज दूर करण्याचाच आहे.

सर्वांत चिवट गैरसमज असा, की लहान धक्के बसले तर बरेच, कुकरची वाफ शिट्ट्यांतून निघून जावी तशी जमिनीतली ऊर्जा निघून जाते. शिकलेली माणसेही हे ठासून सांगतात. हिशेब मात्र उलटा आहे. तीव्रतेचा आकडा एकाने वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते, दोनाने वाढला की हजार पट. किल्लारीच्या ६.२ इतकी ऊर्जा ४.५ च्या धक्क्यांतून निघायची तर तसे साडेतीनशेच्या आसपास धक्के बसायला हवेत. १९९२ ची सगळी मालिका मिळूनही त्या मानाने चिल्लर होती. उलट एका धक्क्यामुळे आजूबाजूच्या भेगांवरचा ताण बदलतो आणि दुसरा धक्का येण्याची शक्यता वाढते. भूकंप गटागटाने येतात ते यामुळेच.

बहुतेक वेळा पुढचे धक्के लहान असतात. कधीतरी पुढचा मोठा निघतो, आणि मग आधीच्याला पूर्वधक्का म्हटले जाते. म्हणजे ही ओळख मागाहूनच पटते. धक्का बसतो त्या क्षणी त्याच्या आलेखात असे काहीही दिसत नाही, ज्यावरून हा पुढच्या मोठ्याची वर्दी देतोय असे छातीठोकपणे म्हणता येईल. उरते ती शक्यता. कॅलिफोर्नियातील दीर्घकाळच्या नोंदींवरून तिथे साधारण वीसपैकी एका धक्क्यानंतर आठवड्याभरात त्याहून मोठा धक्का येतो. मोठा म्हणजे किती मोठा? साडेचारनंतर चार पॉइंट सहा आला तरी तो मोजला जातो. साडेचारनंतर सहाच्या वरचा येण्याची शक्यता त्याच हिशेबाने हजारात एकाच्या घरात जाते.

हजारात एक! एवढ्यासाठी कोणी गाव खाली करणार नाही, करूही नये. पण हजारात एक इतक्या शक्यतेसाठी छपरावरचा दगड उतरवणे, कलंडलेल्या भिंतीला टेकू देणे, मुलांचे अंथरूण त्या भिंतीपासून लांब घालणे हे पूर्णपणे शहाणपणाचे आहे. हजारात एक या आकड्याचा उपयोग हाच: कोणते उपाय स्वस्त आणि कोणते फाजील, हे त्यावरून ठरवता येते. ‘घाबरू नका’ या शब्दांवरून काहीच ठरवता येत नाही. अर्थात कॅलिफोर्नियाचा आकडा उचलून मराठवाड्याला चिकटवणे चुकीचे. तिथली जमीन वेगळी, इथली वेगळी. आपला आकडा आपल्याच नोंदींवरून काढावा लागेल. दिल्लीचे राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्र आणि हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था यांच्याकडे नोंदीही आहेत आणि माणसेही. पण धक्का बसून काही मिनिटांत तीव्रता, वेळ, खोली सांगणारी आपली व्यवस्था ‘पुढे काय’ या प्रश्नाशी येऊन थांबते, आणि लोकांना तर तोच प्रश्न पडलेला असतो.

आता माझ्याविरुद्धचा सर्वांत जड मुद्दा. तो पालघरचा आहे.

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू आणि तलासरी तालुक्यांत, धुंदलवाडीच्या आसपास, धक्क्यांची रीघ लागली. पुढच्या काही वर्षांत हजारो धक्क्यांची नोंद झाली. १ फेब्रुवारी २०१९ ला ४.१ चा धक्का बसला. त्या दिवशी घाबरून घराबाहेर पळताना पडून दोन वर्षांची एक मुलगी दगावली. तिच्यावर घर पडले नव्हते, तिचा जीव धावपळीत गेला. आणि एवढे धक्के बसूनही सहाचा, साडेसहाचा भूकंप काही आला नाही. भातसा धरणाच्या परिसरात १९८३ मध्ये असेच झाले होते: पावसाळ्यात धक्क्यांचा सपाटा, सप्टेंबरात पाचच्या जवळ जाणारा एक धक्का, आणि मग हळूहळू शांतता. म्हणजे दख्खनमधल्या अशा बहुतेक मालिका नुसत्याच येतात आणि जातात. मग दर वेळी शक्यतेचे आकडे जाहीर करून लोकांना पळायला लावायचे का? दोन-तीन वेळा काही झाले नाही की चौथ्या वेळी कोण ऐकेल?

चीनचे उदाहरणही याच पारड्यात पडते. ४ फेब्रुवारी १९७५ ला हायचेंगमध्ये ७.३ चा भूकंप झाला. त्याआधीचे काही दिवस लहान धक्क्यांचा नुसता धडाका चालू होता. त्याच्या जोरावर स्थानिक अधिकाऱ्यांनी कडाक्याच्या थंडीत लोकांना घराबाहेर काढले आणि असंख्य जीव वाचले. जगभर त्याचा गाजावाजा झाला. दीड वर्षही पुरते उलटले नाही तोच, जुलै १९७६ मध्ये, तांगशानची जमीन अशी कोणतीही ठळक वर्दी न देता हलली आणि सरकारी आकड्यानुसार २ लाख ४२ हजार माणसे गेली. लहान धक्क्यांच्या भरवशावर बसणाऱ्याची अशी फसगत होते.

हे सगळे खरे आहे. पण पालघरच्या त्या मुलीच्या मृत्यूतून ‘लोकांना कमी सांगा’ हा धडा निघतो असे मला वाटत नाही. माणूस जिवाच्या आकांताने पळतो तो नेमके काय करायचे हे माहीत नसल्यामुळे. डहाणू-तलासरीतली जुनी वारली घरे कुडाची: कारवीच्या काड्या उभ्या बांधून वर शेण-मातीचा लेप. असली भिंत अंगावर पडली तरी खरचटेल, फार तर मुका मार लागेल. अशा घरातल्या बाईने चाराच्या धक्क्याला कडेवर पोर घेऊन अंधारात उंबरठा ओलांडत धावणे हे आत बसण्यापेक्षा धोक्याचे. कौलारू छपर असेल तर कौले घसरतात, तेवढ्यापुरते मधल्या मेढीजवळ, म्हणजे खांबाजवळ, सरकायचे. शेजारीच नव्याने बांधलेली, मातीत किंवा निकृष्ट सिमेंटात रचलेली, वर स्लॅब किंवा पत्रा असलेली विटांची खोली असेल तर तिथला सल्ला अगदी उलटा: निजायला बाहेर. एकाच पाड्यावरच्या दोन घरांना दोन वेगळे सल्ले द्यावे लागतात. ‘सतर्क राहावे’ हा सल्ला दोघांनाही कुचकामी आहे.

चौथ्या वेळी कोण ऐकेल, या शंकेलाही आकडाच उत्तर देतो. ‘मोठा धक्का येणार’ असे सांगून तो आला नाही, तर सांगणारा खोटा ठरतो. ‘हजारात एक’ सांगून आला नाही, तर सांगितल्याप्रमाणेच झाले. शेतकऱ्याला हे शिकवावे लागत नाही. पावसाचा अंदाज चुकतो म्हणून त्याने तो ऐकायचे सोडलेले नाही. हवामान खात्याला शिव्या घालत तो पेरणीआधी अंदाज बघतोच.

कमी सांगून धीर देण्याचे काय होते, ते इटलीतल्या लाक्विला शहराने पाहिले आहे. २००९ च्या सुरुवातीपासून तिथे लहान धक्के चालू होते. ३० मार्चला चारच्या वरचा एक बसला. स्थानिक एक तंत्रज्ञ रेडॉन वायूच्या मोजणीवरून भाकिते करत फिरत होता, त्यामुळे घबराट होती. ती शमवायला ३१ मार्चला देशपातळीवरच्या आपत्ती-धोका समितीची बैठक शहरातच भरवली गेली. नागरी संरक्षण खात्याचे उपप्रमुख बेर्नार्दो दे बेर्नार्दिनिस यांनी टीव्हीच्या मुलाखतीत सांगितले की ऊर्जा बाहेर पडते आहे, हे उलट चांगलेच. तोच शिट्ट्यांचा समज, सरकारी तोंडून. मग निवांत एक ग्लास वाइन घ्यायची का, असे पत्रकाराने विचारले, तर त्यांनी खास मोंतेपुल्चानो घ्या म्हणून वर शिफारस केली. लाक्विलाच्या जुन्या घरांत रीत अशी होती की धक्का बसला की गोधड्या घेऊन चौकात यायचे आणि उरलेली रात्र तिथेच काढायची. ५ एप्रिलच्या रात्री अकराच्या सुमारास एक धक्का बसला, मध्यरात्रीनंतर दुसरा. वाडवडिलांच्या रिवाजाप्रमाणे काही लोक बाहेर आले. बरेच जण, आता तज्ज्ञांनीच सांगितलेय म्हणून, आत झोपले. ३ वाजून ३२ मिनिटांनी ६.३ चा धक्का आला. ३०९ माणसे गेली.

इथे भाकित चुकले असे म्हणण्यात अर्थ नाही. लोकांची स्वतःची एक स्वस्त, अनेक पिढ्यांनी घासूनपुसून घेतलेली सवय होती, ती सरकारी दिलाशाने मोडली. याचे मला सर्वांत जास्त भय वाटते. आपल्याकडेही धक्क्यांच्या दिवसांत लोक आपापल्या बुद्धीने अंगणात, देवळाच्या पारावर झोपतात. त्यांना ‘घरी जा, काही होत नाही’ म्हणणाऱ्याने आधी आपल्या हातात काय पुरावा आहे ते बघावे.

शक्यता सांगूनही व्यवहार चालू ठेवता येतो, हे जपानने ८ ऑगस्ट २०२४ ला करून दाखवले. क्यूशूच्या किनाऱ्याजवळ ७.१ चा धक्का बसला. तिथून पुढे समुद्रतळाशी पसरलेल्या नानकाई खोलगटीवर महाभूकंपाची टांगती तलवार कायमचीच आहे, म्हणून हवामान संस्थेने त्याच संध्याकाळी जाहीर केले की महाभूकंपाची शक्यता नेहमीपेक्षा वाढली आहे. पण गावे रिकामी करा म्हटले नाही. आठवडाभर बाहेर पडायची वाट ठरवून ठेवा, पाणी-कंदील-औषधे हाताशी ठेवा, एवढेच. पंतप्रधानांनी परदेश दौरा रद्द केला, काही किनाऱ्यांवर समुद्रस्नान बंद झाले, किनाऱ्यावरच्या हॉटेलवाल्यांनी ऐन सुटीत नुकसान सोसले. १५ ऑगस्टला इशारा मागे घेतला गेला. काही झाले नाही, आणि कोणी संस्थेला खोटारडी ठरवून जाळपोळ केली नाही. हे शहाणपण त्यांना फुकट मिळालेले नाही. ९ मार्च २०११ ला तोहोकूच्या समुद्रात ७.३ चा धक्का बसला होता. दोन दिवसांनी ९.० चा आला आणि त्सुनामी. २०१६ च्या एप्रिलमध्ये कुमामोतोत १४ तारखेच्या मोठ्या धक्क्यानंतर लोक घरी परतले, आणि १६ च्या पहाटे त्याहून मोठा आला. त्यानंतर त्यांनी आपली सांगण्याची पद्धतच बदलली: आता पुढचे धक्के लहानच असतील असे सुचवायचे नाही, साधारण आठवडाभर इतकाच जोराचा हादरा पुन्हा येऊ शकतो, असे सरळ सांगायचे.

मोठ्या धक्क्यानंतरच्या लहान धक्क्यांबद्दल आपण तर अगदीच बेफिकीर आहोत. यातली गंमत अशी की भूकंपशास्त्रात भरवशाने सांगता येण्यासारखे जे थोडेफार आहे ते इथेच आहे. जपानी शास्त्रज्ञ फुसाकिची ओमोरी यांनी १८९४ मध्येच दाखवून दिले की पश्चात धक्क्यांची संख्या ठराविक चालीने घटते: पहिल्या दिवशी शंभर असतील तर दहाव्या दिवशी साधारण दहा. त्यांतला सर्वांत मोठा धक्का मुख्य धक्क्यापेक्षा सरासरी १.२ ने कमी असतो. सरासरी, बरे का. नेपाळमध्ये २५ एप्रिल २०१५ च्या ७.८ नंतर १२ मेला ७.३ चा आला आणि आधीच खिळखिळ्या झालेल्या घरांनी आणखी दोनशेहून अधिक बळी घेतले. न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चजवळ सप्टेंबर २०१० मध्ये ७.१ चा भूकंप झाला, शहराने सुटकेचा नि:श्वास टाकला. साडेपाच महिन्यांनी, २२ फेब्रुवारी २०११ ला, त्याच मालिकेतला ६.२ चा धक्का शहराच्या अगदी जवळ बसला आणि १८५ जण गेले. त्यांतले ११५ एकाच इमारतीत. त्या इमारतीला सप्टेंबरनंतरच्या पाहणीत ‘वापरास योग्य’ असा हिरवा कागद चिकटवलेला होता. तेव्हा पाहणी नुसती होऊन भागत नाही, ती धड व्हावी लागते. आपल्याकडे पंचनामा होतो तो नुकसानभरपाईसाठी, किती टक्के पडझड एवढे लिहायला. ही भिंत आणखी एक धक्का झेलेल का, असा रकानाच त्यात नसतो.

कोयनेबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण जमीन हलण्याचा इतका अनुभव महाराष्ट्रात दुसऱ्या कोणालाच नाही. १९६२ मध्ये कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात पाणी साठू लागले आणि पाठोपाठ धक्केही सुरू झाले. १३ सप्टेंबर १९६७ ला पाचच्या वरचा बसला. ११ डिसेंबरच्या पहाटे ६.३ चा आला, कोयनानगर भुईसपाट झाले, पावणेदोनशेच्या वर माणसे गेली. तेव्हापासून आजवर तिथे जमीन अधूनमधून हलतेच आहे. कराडला त्यासाठी खास प्रयोगशाळा उभी राहिली, अभ्यासासाठी तीन किलोमीटर खोल छिद्र पाडले गेले. जगातल्या भूकंपशास्त्रज्ञांना कोयना ठाऊक आहे. आणि पाटण तालुक्यात धक्का बसला की दुसऱ्या दिवशीची बातमी काय असते? ‘कोयना परिसरात भूकंपाचा सौम्य धक्का, धरण सुरक्षित.’ धरण सुरक्षित असायलाच हवे आणि ते कळायलाही हवे. पण धरणाच्या भोवती डोंगरउतारावर जी घरे आहेत ती सुरक्षित आहेत की नाहीत, याबद्दल त्या बातमीत अवाक्षर नसते, कारण सरकारी पत्रकात ते नसते, कारण ते बघायला कोणी गेलेलेच नसते.

मग आवाहनात असावे तरी काय? समजा उद्या एखाद्या तालुक्यात साडेचारचा धक्का बसला. सायंकाळपर्यंत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आणि गावच्या व्हॉट्सॲप गटांवर असा मजकूर यावा: ‘आज इतक्या वाजता ४.५ चा धक्का बसला. येत्या आठवड्यात याहून मोठा धक्का येण्याची शक्यता इतकी आहे, घरे पाडण्याइतका मोठा येण्याची इतकी. बहुधा येणार नाही. तरी मातीत बांधलेली दगडी भिंत, फुगलेली किंवा तडा गेलेली भिंत, जड माळवद यांच्याखाली आठवडाभर झोपू नका. कुडाच्या किंवा कॉलम-बीमच्या घरात असाल तर बाहेर पळू नका, दारे-खिडक्या आणि कपाटांपासून दूर बसा. पत्र्यावरचे दगड उतरवा; हुक-बोल्ट ग्रामपंचायतीत मिळतील. भिंत दाखवायची असेल तर अमुक दिवशी बांधकाम विभागाचे अभियंता गावात येतील. पुढचा आकडा अमुक दिवशी कळवू.’ यातले ‘पुढचा आकडा अमुक दिवशी’ हे वाक्य मला फार महत्त्वाचे वाटते. अफवा पसरते ती अधिकृत माहिती पुन्हा कधी येणार हे कोणालाच ठाऊक नसते म्हणून. हा मसुदा धक्का बसल्यावर लिहायला बसू नये, आधीच तयार असावा. हिंगोली, लातूर, पालघर, सातारा या चार जिल्ह्यांत घरांचे प्रकार वेगळे आहेत, तेव्हा मसुदेही चार लागतील.

खर्चाचे म्हणाल तर हुक-बोल्ट आणि टेकू यांवर जिल्ह्याचे दिवाळे निघत नाही. खरी अडचण सहीची आहे. शक्यतेचा आकडा लिहिलेल्या कागदावर सही कोण करणार? उद्या काही झाले तर ‘एवढीशीच म्हणाला होतात’ म्हणून आणि नाही झाले तर ‘उगाच घाबरवलेत’ म्हणून, दोन्हीकडून अंगाशी येणार असे अधिकाऱ्याला वाटते, आणि ते अगदीच खोटे नाही. म्हणून लाक्विलाचा खटला आपल्या जिल्हाधिकाऱ्यांनी जरूर वाचावा. ऑक्टोबर २०१२ मध्ये तिथल्या न्यायालयाने समितीच्या बैठकीतल्या सातही जणांना सहा-सहा वर्षांची शिक्षा सुनावली, तेव्हा भूकंप सांगता आला नाही म्हणून शास्त्रज्ञांना तुरुंगात टाकले, अशी जगभर ओरड झाली. नोव्हेंबर २०१४ मध्ये वरच्या न्यायालयाने सहा शास्त्रज्ञांना निर्दोष सोडले आणि वर्षभराने सर्वोच्च न्यायालयानेही ते मान्य केले. दोन वर्षांवर आणलेली शिक्षा कायम राहिली ती एकट्या दे बेर्नार्दिनिस यांची, म्हणजे टीव्हीवर कोरडा दिलासा देणाऱ्याची.